बाळागोळी ते गर्द: आमच्या घरातली अफू

लालबागची

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली एक तरुण आई लिफ्टमध्ये भेटली. कडेवर नऊ महिन्यांची लेक, भर दुपारी गाढ झोपलेली. मी सहज म्हटलं, किती शांत आहे गं. तर म्हणाली, "रात्रभर जागवते हो काकू. सर्दीचं औषध देते थोडं, मग झोपते. आम्हालाही सकाळी ऑफिस असतं ना."

मी काही बोलू शकले नाही. घरी आले, कपाटातून आजीची पितळी डबी काढली आणि संध्याकाळपर्यंत ती समोर ठेवून बसून राहिले. जे चाळीस वर्षांत कुणाला नीट सांगितलं नाही ते इथे लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सातारकडची, लग्न होऊन लालबागला आली. एका खोलीत दोन कुटुंबं. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात कामावर परत जायचं, नाहीतर जागा गेली. मूल कुणाकडे ठेवायचं? शेजारची म्हातारी सांभाळायची, पण तिच्याकडे अशी पाच-सहा पोरं. म्हणून बाळागोळी. मोहरीपेक्षा जरा मोठी, काळपट. आजी ती दुधात उगाळून बाळाला चाटवायची आणि भोंग्याला हजर व्हायची. संध्याकाळी परत येईपर्यंत बाळ झोपलेलं.

बाळागोळीत अफू असायची. यात चोरीछुपं काही नव्हतं. सरकारी परवान्याच्या दुकानात अफू मिळे. मुंबईच्या गिरणगावात कामकरी बायका मुलांना अफू देतात, हे १९२९ ते ३१ या काळात इथे आलेल्या शाही कामगार आयोगासमोरही मांडलं गेलं होतं. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की सगळ्याच देतात.

झोपलेलं बाळ दूध मागत नाही. माझ्या वडिलांच्या पाठचा मुलगा आठव्या महिन्यात गेला. आजी सांगायची, "त्याला झोप लागली." तेवढंच, आणि मग ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

आता दादाबद्दल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात माझे वडील. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याला बदली कामगार म्हणून चिकटवायचं ठरलं होतं, ते राहिलं. संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही, पण वर्ष-दीड वर्षात सगळ्यांना कळून चुकलं होतं. वडील गावी जाऊन-येऊन असायचे, आई डबे करायची. दादा आणि त्याचे मित्र दिवसभर मैदानाच्या कट्ट्यावर. त्याच काळात गर्द आली, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच एक प्रकार. सुरुवातीला इतकी स्वस्त की सिगरेटच्या पैशांत भागायचं. चंदेरी कागदावर ठेवून ओढायची, सुई नाही, रक्त नाही. चरस-गांजासारखंच काहीतरी असेल असं त्या पोरांना वाटलं. हेरॉइन हा शब्द मी दादाच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

आधी घरातला कुकर गेला, मग वडिलांचं घड्याळ. आई शेजारणींवर संशय घ्यायची. दादा आंघोळ टाळायचा, पाण्याने अंग दुखतं म्हणायचा, शौचालयात तास-तासभर बसायचा. आम्हाला वाटलं कावीळ, मग वाटलं क्षय. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

ओळखलं ते आजीने. तेव्हा ती पंच्याहत्तरीची असेल, नजर अधू झालेली. दादा जेवायला बसला होता आणि घास हातात घेऊन डुलकी घेत होता. आजीने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यांत बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आजी आईला म्हणाली, "याला बाळागोळी कुणी दिली?"

आई चिडली तिच्यावर, म्हातारीला भ्रम झाला म्हणून. मीही हसले होते, ते आठवलं की आजही घशाशी काहीतरी येतं. सहा महिन्यांनी पोलीस त्याला अड्ड्यावरून घेऊन गेले तेव्हा आम्हाला गर्द हा शब्द कळला.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण विस्ताराने लिहिणं जमत नाही. दोनदा घरीच कोंडून टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा त्रास, काढली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून घाटावरच्या एका केंद्रात ठेवलं. तिथे पायात साखळी होती. गार पाणी, मारहाण, सकाळ-संध्याकाळ भजन. चार महिन्यांनी घरी आला तो गुबगुबीत होऊन. आईने दृष्ट काढली. आम्हाला वाटलं सुटला. अकराव्या दिवशी जुना मित्र भेटला. दादाने पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली. करी रोडच्या पुलाखाली सापडला. २५ वर्षांचा होता.

चार महिने सोडल्यावर तोच डोस जीव घेतो, हे आम्हाला त्या केंद्रात कुणी सांगितलं नाही. दादालाही नाही. मला वाटतं हे एक वाक्य त्याला माहीत असतं तर कदाचित तो आज साठी ओलांडलेला असता. हा धागा त्या एका वाक्यासाठी काढला आहे. तुमच्या घरातलं कुणी व्यसनमुक्ती केंद्रातून परत येणार असेल, तर हे आजच त्याला आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

---

जुनेपाने

ताई, वाचून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. तुमच्या आजीची गोळी कुठून यायची त्याबद्दल थोडं लिहितो. मला ते जोडून बघितल्याशिवाय राहवत नाहीये.

कंपनी सरकारने १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूवर मक्ता बसवला होता. माळव्याची अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची, तिथे कंपनीचा हात पोहोचत नव्हता. उज्जैन, इंदूर, मंदसौरकडचे व्यापारी ती राजपुताना-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला न्यायचे, मग जहाजाने चीनला. कंपनीने हे रोखायची बरीच खटपट केली. जमलं नाही तेव्हा १८३१ च्या सुमारास धोरण बदललं: माल मुंबईवरूनच न्या आणि प्रत्येक पेटीमागे आम्हाला पास-शुल्क द्या. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि कराचीची वाट मिटली. मग शुल्क वाढतच गेलं.

आपली मुंबई उभी राहिली ती कापसावर, असं शाळेत शिकलो. अफूचं नाव कुणी घेतलं नव्हतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली होती आणि त्यात अफू मोठी. १८४२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी पहिलं अफू युद्ध हरलेल्या चीनने नानकिंगच्या तहावर सही करून हाँगकाँग दिलं. हे युद्ध पेटलं होतं लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने १८३९ च्या जूनमध्ये वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली म्हणून. त्यात माळव्याचा मालही होता. जमशेटजींच्या दानातून उभ्या राहिलेल्या जे.जे. रुग्णालयाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत लाखो गरिबांना जगवलं, हेही तितकंच खरं. मी स्वतः तिथे जन्मलो. या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवायला मला अजून अवघड जातं.

आणि बाळागोळी फक्त आपल्याकडची नव्हती. इंग्लंडात मँचेस्टर-लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायका शंभर वर्षं आधी हेच करत होत्या. तिथे गोळीऐवजी गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचं अफूचं सरबत होतं. जिथे गिरणीचा भोंगा गेला तिथे मागोमाग मुलांना झोपवणारी अफू गेली. याला आईचा दोष म्हणायची माझी हिंमत नाही.

---

सई_म

लालबागची, 🙏 काय लिहू कळत नाही. आजीचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

---

साधा_माणूस

ताई, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो. राग मानू नका. माझे काका वीस वर्षं रोज प्यायचे. मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशी सोडली ती परत शिवली नाही. ना केंद्र, ना औषध. संप तर अडीच लाख घरांत होता, गर्द सगळ्यांच्या मुलांनी घेतली नाही. शेवटी माणसाची इच्छाशक्ती असतेच ना? सगळं परिस्थितीवर आणि मेंदूवर ढकललं तर उद्या आमच्या मुलांना आम्ही काय सांगायचं?

---

शेवंती_मनोविकार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीची ओपीडी बघते. आधी मूळ धाग्यातल्या त्या वाक्याबद्दल, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन ही सगळी एकाच घराण्यातली. ती मेंदूतल्या श्वासकेंद्राला मंद करतात. रोज घेणाऱ्याचं शरीर हळूहळू त्याला सरावतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. सोडल्यावर हा सराव काही दिवसांतच उतरू लागतो, पण मनात आठवण राहते ती जुन्या डोसची. म्हणून केंद्रातून, तुरुंगातून किंवा रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळे, घोरल्यासारखा किंवा थांबत थांबत श्वास, हाक मारूनही न उठणं: हे दिसलं तर "झोपू दे त्याला" म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन आहे, ते काही मिनिटांत अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवतं. त्याचा असर नशेच्या आधी ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आल्यावरही लगेच घरी न्यायचं नाही.

साधा_माणूस, तुमचे काका सुटले याचा आनंद आहे. पण कृपा करून हा मार्ग कुणाला सुचवू नका. हेरॉइनची टर्की भयंकर असते, आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. तरी एरवी धडधाकट असलेला माणूस तिच्यात सहसा दगावत नाही. दारूचं उलट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढे कंप, ताप, भास, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. काका वाचले. माझ्याकडे असेही येतात ज्यांना घरच्यांनी श्रावण पाळायला लावलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी ते स्ट्रेचरवर असतात.

इच्छाशक्तीबद्दल एक उदाहरण. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१ नंतर मायदेशी परतले तेव्हा तिथल्या सरकारच्या पोटात गोळा आला होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्या सैनिकांचा माग काढला. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यातले बहुतेक पुन्हा व्यसनात अडकले नाहीत. युद्ध मागे राहिलं, पुडी देणारा मागे राहिला, घर-नोकरी समोर होती. लालबागच्या पोरांचं नेमकं उलट झालं. ती घरी परतली त्याच कट्ट्यावर, त्याच मित्रांत, आणि गिरणी बंदच होती. इच्छाशक्ती असते, मी ती रोज बघते, पण तिला पाय ठेवायला जागा लागते.

आणि त्या लिफ्टमधल्या आईला माझा निरोप द्या. सर्दी-खोकल्याच्या औषधातली गुंगी हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी स्पष्ट सांगितलं आहे. तिला ओरडू नका. ती दमली आहे. बालरोगतज्ज्ञांकडे जा म्हणावं.

---

एक_दिवस

आयडी मुद्दाम नवा काढलाय. मी गर्दुल्ला होतो. हा शब्द मी स्वतःसाठी वापरतो, दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही.

परळ, १९८६ ते ९१. ताई, तुमच्या दादाला मी ओळखतही असेन, कारण कट्टे चार आणि पोरं तीच. टर्की म्हणजे काय ते घरच्यांना कळत नाही, म्हणून लिहितो. आधी जांभया. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा उभा राहतो. हाडांच्या आतून कुणीतरी स्क्रू पिळतंय असं वाटतं. पाय आपोआप झटकले जातात. उलट्या, जुलाब, झोप नाही. आणि एवढं सगळं एका पुडीने पाच मिनिटांत थांबणार आहे हे ठाऊक असतं. पहिले दोन-तीन महिने मी मजेसाठी ओढली. पुढची साडेचार वर्षं फक्त टर्की येऊ नये म्हणून. मजा कधीच संपली होती. लोक म्हणतात, ऐश करायला घेतो. आईच्या मंगळसूत्राची ऐश कुणी करतं का हो?

९१ ला मामा मला येरवड्याला घेऊन गेले. तेव्हा मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारात होतं. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. मी साखळी शोधत होतो, कारण आधी एका ठिकाणी अनुभव घेतला होता. साखळी नव्हती. मला रुग्णमित्र म्हणाले. पाच वर्षांत मला कुणी मित्र म्हणालं नव्हतं, पुडीवाला सोडून.

पण मी पहिल्या खेपेत सुटलो नाही. दुसऱ्यांदाही नाही. घरी आलो त्या संध्याकाळी पुडीवाला जिन्याखाली उभा होता, फुकट पुडी घेऊन. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ते तारखा लक्षात ठेवतात. तिसऱ्या खेपेनंतर मी लालबाग-परळ सोडलं. चुलत्याकडे नगरला राहिलो, दुधाच्या गाडीवर काम केलं, पहाटे तीनला उठायचं. फॉलोअपला पुण्याला जायचो, बायको सहचरी गटाला, म्हणजे आमच्यासारख्यांच्या बायकांच्या गटाला, यायची. तिथे तिला पहिल्यांदा कळलं की माझं खोटं बोलणं हा तिच्या नशिबाचा किंवा पायगुणाचा भाग नाही.

गेली एकतीस वर्षं चांगला राहतोय. आजचा दिवस धरून.

---

नाशिकची_नात

मालेगावात शिकवते. आमच्याकडे गर्दचं नाव पोरांना माहीतही नाही. 'कुत्ता गोळी' माहीत आहे. अल्प्राझोलामच्या गोळ्यांना तेच म्हणतात. मोठ्या शहरांत एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ते २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या यादीत आलं, त्याआधी ते विकणाऱ्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली पकडताच येत नव्हतं. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो पकडलं. म्हणजे आता माळव्यातून, अफगाणिस्तानातून काही आणायची गरज उरलेली नाही. आपल्याच एमआयडीसीत तयार होतंय, ऊसाच्या शेतांच्या पलीकडे. नववीतली मुलं माझ्यासमोर बसतात आणि मला बाहुल्या बघायची सवय लागली आहे. एमडीत त्या उलट मोठ्या होतात. पाचवीपासून ओळखीच्या मुलाकडे असं बघावं लागतं याचं फार वाईट वाटतं.

---

साधा_माणूस

एक_दिवस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवला. डॉक्टर, आकडीबद्दल मला खरोखर माहीत नव्हतं. काका सोडल्यानंतर दोन दिवस थरथरत होते, आम्ही त्यांना ताप आलाय म्हणून घोंगडी पांघरून ठेवलं होतं. माझं वरचं वाक्य मागे घेतो.

---

सई_म

काल फक्त हात जोडून गेले होते, कारण लिहायचं धाडस होत नव्हतं. माझा भाऊ तेवीस वर्षांचा आहे. आधी खोकल्याचं औषध होतं, कोडीनचं. आता मला वाटतं ब्राउन शुगर आहे. काल रात्री त्याच्या डोळ्यांत बघितलं, लालबागची यांच्या आजीसारखं. बाबा म्हणतात, चार माणसं बोलावून उचलून एका केंद्रात टाकू, ओळखीचं आहे, सहा महिने भेटू देत नाहीत. आई म्हणते पोलिसांत नाव जाईल. काय करू?

---

शेवंती_मनोविकार

सई, भेटू न देणारं केंद्र नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं बेकायदा ठरवलं आहे, आणि सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध ठेवायला कायद्यात मोजक्याच अटी आहेत, त्या डॉक्टरांनी तपासायच्या असतात. केंद्राची नोंदणी आहे का आणि तिथे डॉक्टर असतात का, हे आधी विचारा. पोलिसांचं म्हणशील तर रुग्णालयाची ओपीडी कुणाला कळवायला जात नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातलं कलम ६४अ आईला दाखव. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला स्वतःपुरत्या वापराच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात संरक्षण देणारं ते कलम आहे.

भरती व्हायलाच लागेल असंही नाही. ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी असते, तिने टर्की आणि तलफ दोन्ही आटोक्यात राहतात, माणूस कामावर जाऊ शकतो. एक नशा सोडून दुसरी लावली असं नातेवाईक म्हणतात. इन्सुलिन रोज घेणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. केंद्र सरकारचा १४४४६ हा टोल-फ्री नंबर आहे, जवळचं ठिकाण ते सांगतील. आणि त्याच्याशी बोलायची वेळ सकाळची निवड, तो शुद्धीत असताना. ओरडा नको. "मला भीती वाटते" एवढं म्हटलंस तरी पुरे.

---

एक_दिवस

सई, त्याला वाटलं तर माझ्याशी बोलू दे. मी उपदेश करणार नाही, फक्त ऐकेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

लालबागची

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता येत नाहीये. एक_दिवस, दादाचं नाव तुम्हाला व्यनिमध्ये कळवलंय. ओळखत असाल तर सांगा, नसाल तरी सांगा.

त्या मुलीकडे काल गेले होते, पोळ्या घेऊन. डबी सोबत नेली. आजीची गोष्ट सांगितली, धाकट्या काकाचीही. ती रडली, मग म्हणाली की तीन आठवडे देत होती. आज तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दुपारी दोन तास बाळ माझ्याकडे असणार. मोठ्याने रडणारी पोर आहे, साऱ्या मजल्याला ऐकू जातं.

---

सई_म

तो हो म्हणाला. सोमवारी ओपीडीला जातोय, मुंबईतच. बाबा येणार नाहीत म्हणतात, आईला धीर होत नाहीये. मी आणि तो असे दोघंच.

---

लालबागची

अगं कुठलं रुग्णालय? सकाळी किती वाजता? मी येते. केसपेपरच्या रांगेत उभं राहायला कुणीतरी लागतं, तेवढ्या वेळात तू त्याच्याजवळ थांब. नंबर व्यनिमध्ये पाठवलाय, आज रात्रीच फोन कर.